सरांच्या मापाची पेटी

किसनसिंग मास्तरांना शेवटचं पाहून धर्मपाल सर दोन पावलं मागे सरकले, तेव्हा पेटीवाल्या जफरनं त्यांच्याकडे टकलापासून चपलेपर्यंत एकदा पाहिलं. कापड न आणता नुसतंच दुकानात डोकावलेल्या गिऱ्हाइकाकडे शिंपी पाहतो तसं. मग तो जवळ आला आणि दुःखाच्या घरी बोलतात तेवढ्याच खालच्या आवाजात म्हणाला, "सर, बुरा नका मानू, पन तुमाले ही पेटी होत नाई." सरांना आधी वाटलं, हा कुठल्या तरी लोखंडी पेटीबद्दल बोलतोय. मग त्यांनी पुन्हा पाहिलं. ओसरीवर मधोमध काचेच्या झाकणाची ती थंड पेटी घरघरत होती, तिच्यात किसनसिंग मास्तर पीटीच्या तासाला 'सावधान' म्हटल्यासारखे सरळ पडले होते, आणि त्यांचा धाकटा मुलगा हरिसिंग मस्कतहून निघाला होता, तो पोचेपर्यंत त्यांना असंच राहायचं होतं. डोक्याकडे वीतभर जागा, पायांकडे वीतभर जागा. किसनसिंग मास्तर मुळात बेताच्या उंचीचे. "मंग माह्यासारख्याले काय करता तुमी?" सरांनी विचारलं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण प्रश्न वर्गात पोरं शंका विचारतात त्या आवाजात आला होता. जफरनं खांदे उडवले. "गुडघे जरासे मुडपा लागते, सर. पन मंग तोंडावर शांती दिसत नाई."

परतीच्या रिक्षात, मान तिरकी करून बसलेले असताना (रिक्षात त्यांना मान तिरकीच करावी लागे), सर या वाक्याभोवती फिरत राहिले. सव्वासहा फूट उंचीनं त्यांना जन्मभर कुठे मावू दिलं नव्हतं. एसटीत गुडघे पुढच्याच्या पाठीत. पांघरुणात एक तर तोंड नाही तर पाय. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं त्यांना खुर्चीवर बसवून प्रभावतीला शेजारी उभं केलं होतं, तरी दोघांची डोकी एका रेषेत आली, आणि तो फोटो पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारी की सरांच्या पायाला काही झालं होतं का. ते शिकवत त्या बोरी अरबच्या शाळेत मात्र उंचीचा उपयोग झाला. स्टूल न घेता ते नकाशे टांगत, आणि पोरं म्हणत की सरांना इतिहास वरून दिसतो. या सगळ्याची त्यांना सवय होती. पण मरण तरी सगळ्यांच्या मापाचं असतं असं त्यांनी कुठेतरी, न तपासता, गृहीत धरलेलं होतं. आता तिथेही गुडघे मुडपून. आणि कोणाच्या समोर? दीपाच्या समोर. कारण दीपा येईपर्यंत थांबायचं तर पेटी आलीच. दीपा कॅनडात, समुद्राकाठच्या एका गावात, जिथे मार्चमध्येही लोक दारातला बर्फ फावड्यानं उपसतात. तिथून एक विमान, मग दुसरं, मग दिल्ली, मग नागपूर, मग गाडी. एवढं सगळं करून लेक दारात उतरणार आणि बाप काचेखाली उकिडवा.

घरी प्रभावती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होती, मरणाचं तिला फारसं कौतुक नव्हतं. सरांनी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं. तिनं सोललेले दाणे हातानं सारखे केले आणि म्हणाली, "पाय मोकळे ठेवा म्हनावं. झाकन नाई लावायचं तिकून."

"मंग थंडावा कसा राहीन अवं? यंत्र हाये ते."

"तर मंग तुमी उन्हाळ्यात नोका मरू."

सरांना हसू आलं नाही. खरं म्हणजे आलं, पण त्यांनी ते दाबलं. तिला यातला इतिहास दिसत नव्हता. आपला माणूस येईपर्यंत, किंवा नुसतंच काळ संपेपर्यंत, देह टिकवून धरायचा, यासाठी माणसानं काय काय केलं नव्हतं! इजिप्तचा धडा तर त्यांचा हातखंडा. नाकातून आकड्यानं मेंदू ओढून काढत असं ते सांगू लागले की पोरं आपापली नाकं धरत, आणि खारट मातीत देह वाळवून पट्ट्या कशा गुंडाळत हे दाखवायला एकदा त्यांनी प्रभावतीच्या दवाखान्यातलं बँडेज आणून वर्गातल्या एका पोराला पायापासून गळ्यापर्यंत गुंडाळलं होतं. तो पोरगा हाच जफर. मुख्याध्यापक नेमके तेव्हाच आत आले. "याले काय लागलं?" म्हणून ते ओरडले, घाबरलेला जफर पळायला गेला आणि आडवा झाला. मोठा झाल्यावर फ्रीज दुरुस्ती करता करता तो या पेट्यांच्या धंद्यात कसा शिरला याचा विचार सरांनी कधी केला नव्हता. आज तो विचार आला आणि अंगणात उभ्या उभ्या मान पुन्हा थोडी तिरकी झाली.

त्यानंतरचे कितीतरी दिवस सर बाहेरून पाहणाऱ्याला पेपर वाचताना, भाजी आणताना, विहारात वंदनेला बसलेले दिसत, पण आतून ते एका लांबलचक तळघरात हिंडत होते. तिथे मोठमोठी कुंडं होती. एका कुंडात मध. ब्रह्मदेशात थोर भिक्खूंचा देह अंत्यविधीची तयारी होईपर्यंत मधात ठेवत, हे त्यांनी वाचलं होतं, आणि आपल्याच धम्मातली गोष्ट म्हणून त्यांना ते जास्त जवळचं वाटलं. पण मधात मुंग्या? यवतमाळातल्या मुंग्या प्रभावतीनं पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या साखरेच्या डब्यापर्यंतही पोचतात. पुढच्या कुंडात मीठ. इराणमध्ये मिठाच्या खाणीत सापडलेले मजूर, दाढीसकट. तिसऱ्यात दारू. जहाजावर मेलेला बडा साहेब मायदेशी न्यायचा तर दारूच्या पिंपात घालून नेत. जन्मभर निर्व्यसनी राहून शेवटी पिंपात बुडायचं, आणि मग दीपा पोचल्यावर कोणीतरी बाहेर काढायचं, हे चित्र त्यांनी स्वतःच घाईनं पुसलं. युरोपातल्या दलदलीत हजारो वर्षांनी सापडलेले लोक तर कमावलेल्या चामड्यासारखे, हनुवटीवर दोन दिवसांच्या दाढीचे खुंट तसेच. सर आरशात हनुवटी चाचपत. खुंट पांढरे होते. ते दलदलीत तपकिरी झाले असते का?

शेवटी त्यांना जपानचे भिक्खू सापडले. आधी अन्न सोडायचं, नुसत्या बिया, कवचाची फळं, मग झाडाची साल, मग चीक असलेल्या एका झाडाचा विषारी चहा, आणि असं वर्षानुवर्षं करत जिवंतपणीच स्वतःला सुकवत न्यायचं. मागच्यांना काहीच त्रास नाही. पेटी नाही, वीज नाही, जफर नाही. बुद्धांनी स्वतः हा मार्ग सोडून खीर घेतली होती हे सरांना माहीत होतं, विहारात ते यावर बोललेही होते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि शेंगदाणे, तीळ, जवस घेऊन बसले. दुपारी दालचिनीच्या सालीचा काढा. "पोट बिघडलं काय?" प्रभावतीनं विचारलं. "जपानी पद्धत हाये," ते म्हणाले. तिनं मागचा पुढचा विचार न करता त्यांचं अर्धं वरण स्वतःच्या ताटात ओतून घेतलं. असं बरेच दिवस चाललं. सर हलके झाले, पँट सैल झाली, आणि चढ चढताना लागणारी धाप लागेनाशी झाली. महिन्याच्या तपासणीला गेले तर डॉक्टर कागद पाहून खूष. "सर, शुगर एकदम कंट्रोलमध्ये! काय करून राह्यले तुमी?" सर म्हणाले, "मराची तयारी." डॉक्टर इतक्या जोरात हसले की बाहेर बसलेल्या पेशंटनी आत डोकावलं. "अशीच करत राहा," ते म्हणाले, "अजून गंज वर्षं जाते." मरणाच्या तयारीनं उलट पुष्कळ वर्षं वाढली, म्हणून बाहेर आल्यावर सरांना फसवलं गेल्यासारखं वाटलं. समोरच्या हॉटेलात जाऊन त्यांनी आलूबोंडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला. दुसरा खाताना जपान त्यांच्यापासून फार लांब गेलं.

उरली पेटी. मार्चच्या उन्हात ते लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जफरच्या शेडवर गेले. पत्र्याखाली कूलरचे सांगाडे, फ्रीजची दारं, वायरींचे गुंते. "माह्या मापाची एक पेटी बनव," सरांनी सांगितलं. जफर त्यांच्याकडे बघत राहिला. "सर, तब्येत?"

"तब्येतीले काई नाई झालं. दीपा येईपर्यंत सरळ राहा लागते, म्हनून."

जफरनं हातातला पाना ठेवला, हात पुसले आणि टेप काढला. "शाळेत तुमी मले गुंडाळलं होतं," तो म्हणाला, "आता माही बारी. हात सरळ सोडा." तो स्टुलावर चढला. डोक्यावर टेपचं थंड टोक टेकलं तेव्हा सरांच्या अंगावर काटा आला, आणि मग त्यांना आठवलं की दीपा लहान असताना दर वाढदिवसाला ते तिला दाराच्या चौकटीला टेकवून असंच उभं करत, डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलची रेघ मारत. ती टाचा उचलायची. "टाच खाली," ते म्हणायचे. "खालीच हाये, बाबा," ती टाचा वर ठेवून म्हणायची. घराला रंग दिला तेव्हा त्या रेघा गेल्या. रंगारी म्हणाला होता, ठेवू का एवढी पट्टी? सर तेव्हा पेपर तपासत होते. त्यांनी काय उत्तर दिलं होतं ते त्यांना आता आठवेना.

पेटी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा ते ट्रायल घ्यायला गेले. चपला शेडच्या दारात काढल्या, जफरनं हात दिला, आणि सर आत आडवे झाले. पाय लांब केले. आणखी लांब केले. टाचेला काही लागलं नाही, टाळूला काही लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते एका वस्तूत पूर्ण मावले होते, आणि हे सुख इतकं अनपेक्षित होतं की त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात जफरची बायको फरीदा चहा घेऊन आली. ती ना किंचाळली, ना थबकली. "सर, तकिया देऊ?" तिनं विचारलं. "कोनी मांगत नाई, पन तुमी तर सांगू शकता ना." सरांनी मानेनंच नको म्हटलं. जफरनं काचेचं झाकण बाहेरून अडकवलं, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. "हावो, बोला," म्हणत तो बाहेर गेला. फरीदा कप ठेवून त्याच्या मागे गेली.

खालून घरघर सुरू झाली. पाठीला गार लागलं, मग खांद्यांना. सरांनी तोंडावर शांती आणली. मग त्यांनी ठरवलं की आता दीपा आली आहे असं समजून बघावं, म्हणजे नेमकं कसं दिसतं ते कळेल. ती दारातून आली. बॅग खाली ठेवली. काचेवर वाकली. आणि तिथे, काचेच्या वर, जिथे चेहरा यायला हवा होता, तिथे नुसतं एक कपाळ आलं, आणि त्या कपाळाच्या मागे पांढरं छत आणि गोल दिवा. सरांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कपाळ, छत, दिवा. व्हिडिओ कॉल करताना दीपा फोन ओट्यावर टेकवून भांडी घासते, कपडे घड्या करते, आणि गेल्या किती वर्षांत त्यांनी तिला एवढीच पाहिली होती. खालचा चेहरा त्यांना जोडता येईना. हनुवटी आणली तर ती चौकटीला टेकलेल्या सहा वर्षांच्या दीपाची आली. नाक आणलं ते प्रभावतीचं. काचेपलीकडे एक अशक्य बाई त्यांच्यावर वाकून उभी होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती खरी येईल तेव्हा तर त्यांचे डोळे मिटलेले असणार. ती बघणार. त्यांना काय दिसणार? मिठात, मधात, दारूत, दलदलीत एवढे सगळे लोक एवढी वर्षं थांबले, लोक रांगा लावून त्यांना बघून गेले, पण त्यांच्यापैकी एकालाही, राजे असोत नाही तर खाणीतले मजूर, आलेलं माणूस दिसलं नव्हतं. चाळीस वर्षं हा धडा शिकवताना एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. सरांनीही नाही.

त्यांनी काचेवर टकटक केली. मग ठोकलं. बाहेर जफर फोनवर कोणाला तरी गॅस भरायचा भाव समजावत होता. सरांनी गुडघे वर घ्यायचा प्रयत्न केला. एवढी लांब पेटी, पण उंची किसनसिंग मास्तरांच्या मापाचीच, गुडघे काचेला लागले. मग त्यांनी वर्गातला आवाज काढला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "जफर! उभा राहा!" शेडबाहेर जफर खरोखर उभा राहिला, फोन खाली पडला, आणि तो धावत आला. झाकण उघडलं तेव्हा सरांना ओळीनं पाच शिंका आल्या. फरीदानं त्यांच्या हातात चहा दिला. तो निवला होता, तरी त्यांना तो कढत लागला.

"थंडावा बरा हाये ना, सर?" जफरनं काळजीनं विचारलं.

"थंडावा चांगला हाये," सर म्हणाले. "मले नाई पायजे पन. तू ठेव. कोनी लंबं माणूस गेलं तर कामी येईन."

"सर, अख्ख्या यवतमाळात तुमच्याएवढं लंबं कोनी नाई!"

हे खरं होतं. पेटी तशीच पडून राहिली, आणि सर घरी येऊन सर्दीनं आडवे झाले. प्रभावतीनं वाफ दिली, कपाळाला बाम लावला, आणि सगळी हकीकत ऐकून एवढंच म्हणाली, "एवढी नवी कोरी पेटी. कायले पडू देता?"

तिच्या मनात काय होतं ते चौदा एप्रिलला कळलं. जयंतीच्या मिरवणुकीत महिला मंडळाचा मठ्ठा दरवर्षी असे, दरवर्षी दुपारपर्यंत तो कोमट होई आणि लोक घोट घेऊन ग्लास अर्धा ठेवत. या वर्षी चौकात मंडपाखाली जफरची लांबलचक पेटी उभी होती, आत मठ्ठ्याची पातेली ओळीनं. मंडळाच्या बेबीताई लांबूनच थबकल्या. "अवं बाई, याच्यात मढं ठेवते ना?"

"कोरी हाये," प्रभावती म्हणाली. "याच्यात आजवर एकच माणूस झोपला, थोच ग्लास भरून राह्यला पाहा."

बेबीताईंनी सरांकडे पाहिलं. सर वाकून, हातात ओगराळं घेऊन उभे होते, कपाळावर निळी पट्टी. बेबीताईंनी ग्लास घेतला, नाकाशी नेला, घोट घेतला. मग उरलेला एका दमात प्यायल्या आणि दुसऱ्यासाठी ग्लास पुढे केला. त्यानंतर रांग लागली. ढोलांच्या पथकातली पोरं आली, पोलीस आले, लेझीमवाल्या पोरी आल्या. जफर बाजूला जनरेटरपाशी उभा राहून, पेटीच्या धंद्यात पहिल्यांदाच कोणी हसतंय हे बघत होता. "सर, आवाज नाई करत ना मशीन?" असं तो प्रत्येक ग्लासामागे विचारत होता.

ढोल जरा पुढे सरकले तसे सर मंडपामागे गेले. फोन काढला. आजवर त्यांनी दीपाला कधी स्वतःहून केला नव्हता. रविवारी तीच करायची, आईशी बोलायची, आणि शेवटी फोन बाबांकडे यायचा तेव्हा ते तिला तिच्या देशाचा इतिहास सांगायचे. तिकडे नुकतं उजाडलं असेल. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बाबा? काय झालं? आई बरी हाये ना?" आवाज झोपेतून थेट भीतीत उतरलेला.

"बरी हाये. मठ्ठा वाटून राह्यली."

"तुमी बरे हाये ना?"

"मीबी वाटूनच राह्यलो."

"मंग... कोन गेलं, बाबा?"

"कोनी नाई गेलं वं." वर्गात सरांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता. "तू ये."

पलीकडे ती उठून ओट्याशी गेली असावी. मग भांड्याचा आवाज, नळाचा आवाज, आणि नळ बंद झाल्याचा. "कोनी गेलं नाई, मंग येऊ कायले?" दीपानं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं, आणि सरांच्या लक्षात आलं की तिला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

"व्हिडिओ लाव," ते म्हणाले.

छत आलं. दिवा आला. कपाळ आलं.

"खाली घे फोन. आनखी खाली."

फोन हलला, एकदा गाल गेला, एकदा खिडकी गेली, आणि मग ती सगळी आली. झोपेनं सुजलेली, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि डाव्या कानावर एक पांढरी बट, जी सरांनी कधी पाहिली नव्हती. ते बघत राहिले. मिरवणुकीचे ढोल पुन्हा जवळ आले, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागलं.

"दिवाळीत पाहू का, बाबा? दिवाळीत सुट्टी भेटन!"

"दिवाळी गंज लांब हाये!" सर ओरडले. डोकं लागून मंडपाचं मागे उतरलेलं छताचं कापड वर उचललं गेलं, आणि रांगेतले लोक वळून पाहू लागले. "गंज लांब हाये, दीपा! आता ये!"

ती काही बोलली. ढोलात ते वाहून गेलं. पण ओठ दिसत होते, आणि आधी एक हात डोळ्यांवरून फिरताना दिसला, मग तोच हात बाजूचा लॅपटॉप ओढून त्यावर काहीतरी शोधताना. प्रभावती मंडपातून आली, ओगराळ्यासकट, आणि टाचा उंच करून त्यांच्या हातातल्या फोनमध्ये डोकावू लागली. सरांनी पहिल्यांदा तिच्यासाठी हात खाली घेतला.

"काय म्हनून राह्यली?" तिनं विचारलं.

"तिकीट पाहून राह्यली," सर म्हणाले.